शाळेचा निरोप घरापर्यंत कसा पोचवायचा?

प्रश्न: बालाघाटच्या डोंगरातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेचा पदभार जूनमध्ये माझ्याकडे आला. पहिली ते चौथी, पट चाळीसच्या आसपास. निम्मे पालक ऊसतोडीला जातात. पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. त्यावर प्रत्येक कार्यक्रमाची सूचना आणि नंतर फोटो टाकते. उदाहरणार्थ: ‘सर्व पालकांना कळविण्यात येते की गुरुवारी स. ११ वा. शाळेत पालकसभा आयोजित करण्यात आली आहे. तरी सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे.’ येतात चार-पाच जण. शाळा व्यवस्थापन समितीची सभाही सह्यांवर उरकते. मासिक वार्तापत्र काढावं असं मनात आहे. वर्षभरातल्या बातम्या आणि पुढचे कार्यक्रम पालकांपर्यंत कसे न्यावेत?

उत्तर:

मॅडम, माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली. त्यातली बरीच वर्षं तुमच्यासारख्याच दोन शिक्षकांच्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून काढली. वार्तापत्राची कल्पना चांगली आहे, तिच्याकडे येतेच. पण आधी तुमची ती सूचना पाहू.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता तुमच्या गावात घरी कोण असतं? म्हातारी माणसं, बाळंतीण, नाहीतर आजारी माणूस. खुरपणीला गेलेली बाई त्या वेळी शिवारात असते. सभेसाठी परत यायचं तर तिचा अख्खा रोज बुडतो, कारण दोन तासांचा रोज कोणी कापून देत नाही, दिवसच मोडतो. सभा कशासाठी, तिथं काय ठरणार, किती वेळ लागणार, माझ्या पोराचं त्यात काय, यातलं काहीच त्या सूचनेत नाही. मग दिवसाची मजुरी सोडून तिनं यावं कशाला? या आया-बापांना मुलांची काळजी नाही, असं स्टाफरूममध्ये सर्रास बोललं जातं. मला ते कधीच पटलं नाही. पोराला शाळेत ठेवण्यासाठी कोणत्या घराने काय काय सोसलंय ते जवळून पाहिलं, तर तुम्हालाही पटणार नाही.

त्यामुळे पहिलं काम तारखांचं. एक मोठा कागद घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे शाळेचं वर्ष लिहा: जूनमधला प्रवेशोत्सव, १५ ऑगस्ट, दिवाळीची सुट्टी, ३ जानेवारीचा बालिका दिन, २६ जानेवारी, स्नेहसंमेलन, उन्हाळ्याच्या तोंडावरचा शाळापूर्व तयारीचा मेळावा, निकाल. उजवीकडे गावाचं वर्ष: मृगाची पेरणी, खुरपणी, पोळा, सोयाबीनची काढणी, दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्यांचं निघणं, कापसाची वेचणी, तूर, ज्वारीची काढणी, गावची जत्रा, आठवडी बाजाराचा वार. लातूर-धाराशिवकडची गावं असतील तर येळवसही धरा, त्या दिवशी सगळं गाव रानात जेवायला असतं. उजवी बाजू एकटीने भरू नका. चौथीची पोरं, खिचडी शिजवणाऱ्या ताई आणि समितीतले दोन पालक यांना बसवून भरा. दोन्ही बाजू समोर आल्या की पालकांना बोलवायचे दिवस आपोआप कळतात. पेरणी आटोपल्यावरचा आठवडा मोकळा सापडतो. दसऱ्याच्या आधीचा आठवडा मोकळा नसतो, पण तो चुकवून चालत नाही. वेळ तर संध्याकाळचीच ठेवा, जनावरांच्या धारा काढून झाल्यावर. तुम्ही तालुक्याहून ये-जा करत असाल तर हे जड जाईल, मला माहीत आहे. वर्षातल्या चार-पाच संध्याकाळी तेवढं करा.

आता कोणते दिवस पालकांना घेऊन करायचे, ते. परिपत्रकांमधून येणाऱ्या जयंत्या, दिन आणि सप्ताह मोजले तर आठवडा रिकामा जात नाही. २६ जूनला राजर्षी शाहू महाराज जयंती, १ जुलैला कृषी दिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिन, २६ नोव्हेंबरला संविधान दिन, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन. यातल्या प्रत्येकाला मोल आहे, पण प्रत्येकाला मंडप लागत नाही. यातले बहुतेक दिवस परिपाठातच मनापासून करा. डॉ. आंबेडकरांनी १९०० साली ७ नोव्हेंबरला साताऱ्याच्या शाळेत प्रवेश घेतला, म्हणून राज्यात तो विद्यार्थी दिन. त्या सकाळी चौथीची एखादी मुलगी उभी राहून ते नीट सांगते आणि पोरं तिला दोन प्रश्न विचारतात, एवढ्याने दिवस साजरा झाला. पालकांचे दिवस मोजके असू द्या. दर आठवड्याला निमंत्रण गेलं की निमंत्रणाची किंमत राहत नाही.

१५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला गाव तसंही येतं. झेंडावंदन झाल्यावर तुमच्यापुढे अख्खं गाव उभं असतं, आणि आपण ती वेळ पाहुण्यांच्या भाषणात घालवतो. भाषणं दोनच ठेवा, तीही छोटी. मग पहिलीपासून चौथीपर्यंतची पोरं समोर आणा आणि गावकऱ्यांनीच दिलेल्या कागदावरून त्यांना वाचू द्या. वर्तमानपत्राचा तुकडा, खताच्या पिशवीवरचा मजकूर, एसटीची पाटी, काहीही चालेल. चावडी वाचन म्हणून बऱ्याच गावांत हे करतात. ज्या बापाने आपली पोरगी वाचताना कधी ऐकलीच नाही, त्याच्यासाठी याहून मोठी बातमी नाही. अडखळणाऱ्या पोराला मात्र सगळ्या गावासमोर उघडं पाडू नका. त्याला आदल्या दिवशी सराव करून घेतलेल्या चार ओळी द्या. या दोन दिवशी, आणि १ मे व २ ऑक्टोबरलाही, ग्रामसभा असते. शाळेच्या गळक्या खोलीचा किंवा पाण्याच्या टाकीचा विषय तिथे लेखी द्या आणि ठरावात येतो का ते पाहा. शाळेच्या गरजा गावाला कळवायची ती रीतसर जागा आहे आणि बहुतेक शाळा ती वापरत नाहीत.

यापुढची गोष्ट तुमच्या शाळेसाठी सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून सविस्तर लिहिते. तुमच्या वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम स्नेहसंमेलन नाही. टोळ्या निघण्याआधीची पालकसभा हा आहे.

मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला सांगली, कोल्हापूर, सातारा, पुण्याकडे नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मुलाला न्यायचं की ठेवायचं हा निर्णय त्या घरात बऱ्याचदा निघण्याच्या आठवड्यात होतो. घरात सांभाळायला आजी असेल आणि ती धडधाकट असेल तर मूल राहतं. नसेल तर ते ट्रकच्या टपावर चढतं आणि पुढचे पाच महिने कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, धाकट्या भावंडाला खेळवतं. तुमचा निरोप या निर्णयाच्या आधी पोचला तरच उपयोगाचा. म्हणून सप्टेंबरमध्येच घरोघर जाऊन विचारा: कोण जाणार, कुठल्या कारखान्यावर, मूल कोणाकडे राहणार, त्या माणसाचा फोन नंबर काय. ही यादी हाती असेल तर मागे राहणाऱ्या मुलांच्या जेवण-देखरेखीसाठीच्या हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव समितीच्या ठरावासह वेळेवर जातो. उशीर झाला तर वसतिगृह सुरू होईतो पोरं निघून गेलेली असतात.

मग सभा घ्या, संध्याकाळी, समाजमंदिरात किंवा पारावर. तीत तीनच गोष्टी सांगा. एक, मूल गावात ठेवलं तर त्याच्या जेवणाची आणि देखरेखीची सोय काय आहे. दोन, मूल न्यावंच लागलं तर शिक्षण हमी कार्ड शाळेतून घेऊन जा. ते दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं. शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला हातात नाही म्हणून तिथली शाळा प्रवेश अडवू शकत नाही, हेही स्पष्ट सांगा, कारण आडल्या माणसाला पहिल्यांदा हेच ऐकवलं जातं. तीन, परत आल्यावर मुलाचं नाव पटावर असेलच, कोणी काही बोलणार नाही, सरळ शाळेत पाठवा. हे तिसरं वाक्य आयांच्या मनावरचा मोठा भार उतरवतं. बुडवलं म्हणून बाई रागावतील, या भीतीने परतलेलं पोर आठ-आठ दिवस घरी बसलेलं असतं.

टोळी गेल्यावर बातमी थांबवू नका. तुमचा व्हॉट्सअ‍ॅप गट खरा कामाला येतो तो तेव्हा. उसाच्या फडावर दिवसा कोणी फोन बघत नाही आणि लांबलचक मजकूर वाचायची तर ताकदच उरलेली नसते. आवाजी निरोप पाठवा, अर्ध्या मिनिटाचा, आणि तो मुलालाच बोलू द्या: ‘आई, मी आज पाढे म्हणले, आजीचा खोकला कमीये.’ आठवड्यातून एकदा प्रत्येक गेलेल्या घरासाठी एक निरोप. वर्गात एका दुपारी होऊन जातं. हे गटावर टाकायचं नसतं, ज्याचं त्याला पाठवायचं. सोबत गेलेल्या पोरांनाही उलट विचारा, की तिथल्या शाळेत बसलास का, काय शिकवतात. त्यांचं उत्तर आलं की ते वर्गात सगळ्यांना ऐकवा. गेलेलं पोर वर्गाच्या बोलण्यात राहिलं की परतल्यावर परकं होत नाही.

आता सूचना लिहायची कशी. शासकीय पत्राची भाषा पत्रासाठी राहू द्या. आईला तोंडी सांगाल तसं लिहा. तुमच्या त्याच सभेची सूचना मी अशी लिहीन: ‘शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला मारुतीच्या पारावर बसू. तासाभरात सोडते. प्रत्येक पोराची वही तिथं बघायला मिळेल. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या पोरांचं जेवण-राहणं यावर ठरवायचंय. आई, आजी, आजोबा, जे घरी असतील त्यांनी या. लहान लेकरं सोबत आणली तरी चालतील.’ वार, वेळ, जागा, किती वेळ लागणार, काय बघायला मिळणार, काय ठरणार, एवढं आलं की पुरे. नुसता दिनांक लिहू नका, वार लिहा. गाव बाजाराच्या वाराने चालतं.

हा निरोप एकाच वाटेने पाठवून भागत नाही. चाळीस पोरांच्या गावात स्मार्टफोन बऱ्याचदा बापाच्या नाहीतर थोरल्या भावाच्या खिशात असतो, आणि तो माणूस पुण्याला कंपनीत नाहीतर फडावर असतो. जिच्यापर्यंत निरोप जायला हवा त्या आईपर्यंत तो जातच नाही. म्हणून मुलांच्या वहीत त्यांच्याच हाताने निरोप लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशी विचारा, घरी वाचून दाखवला का, आई काय म्हणाली. पहिलीचं पोर लिहू शकत नसेल तर त्याला तोंडपाठ करून द्या. शाळेच्या फाटकाजवळच्या फळ्यावर लिहा. पिठाच्या गिरणीत एक कागद चिकटवा. दळण होईतो बायका तिथे उभ्या असतात आणि वाचता येणारी एखादी मोठ्याने वाचते. देवळाच्या भोंग्यावरून सांगायची पद्धत असेल तर आदल्या संध्याकाळी एकदा सांगून घ्या. आणि स्वयंपाकी ताई, अंगणवाडी ताई, आशाताई या तिघींना आधी सांगा. त्यांना विचारून तारीख ठरवलीत तर त्या ती आपली मानतात आणि दारोदार पोचवतात. शिक्षक गाव सोडून जातो, या तिघी गावातच असतात, म्हणून त्यांचा शब्द चालतो.

वार्तापत्र काढाच, पण छापील, रंगीत, मुख्याध्यापकांच्या मनोगताचं नको. चार पानांचं वार्तापत्र दुसऱ्या अंकाला दमतं. एक पान, हाताने लिहिलेलं, महिन्यातून एकदा, आणि लिहिणारी पोरं. तिसरी-चौथीतल्या चार जणांना महिनाभरासाठी वार्ताहर करा, पुढच्या महिन्यात दुसरे चार. त्यांनी आणलेल्या बातम्या अशा असतात: अमक्याच्या म्हशीला रेडकू झालं, विहिरीला पाणी आलं, शाळेच्या चिंचेवर पोपटांनी घर केलं, दुसरीच्या वर्गात आता सगळ्यांना वीसपर्यंतचे पाढे येतात, नवीन पोरगी आली ती हिंदी बोलते आणि आम्ही तिला मराठी शिकवतोय. गाव हे वाचतं. दोन ओळी तुम्ही लिहा, पुढच्या महिन्यात काय आहे त्याच्या. ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही सुधारा, पण वाक्य त्यांचंच राहू द्या. पोराच्या तोंडचं ‘आमच्या बाईनं’ खोडून ‘आमच्या शिक्षिकांनी’ केलंत की ते पान कोणाचंच राहत नाही. तालुक्याला गेलात की चाळीस झेरॉक्स काढून आणा. खर्च समितीच्या सभेत मंजूर करून घ्या. वाटण्याआधी परिपाठात वाचून दाखवा, म्हणजे ज्या घरात कोणी वाचणारं नाही तिथे पोर ते तोंडाने सांगतं. आणि एक लक्षात घ्या: हा भाषेचा तास आहे, वेगळं काम नाही. बातमी आणणं, विचारणं, लिहिणं, पुन्हा लिहिणं, यातून चौथीच्या पोराचं लेखन जेवढं सुधारतं तेवढं निबंध पाठ करून सुधारत नाही. आनंददायी शनिवारचा वेळ यासाठी वापरता येतो.

समितीच्या सह्यांविषयी. कायद्याने समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. तुमच्याकडेही कागदावर असतीलच. इतिवृत्ताची वही घरोघर फिरवून सह्या घेण्याची सवय इतकी मुरली आहे, की सदस्यांना आपण काही ठरवू शकतो हेच ठाऊक नसतं. ती सवय भाषणाने जात नाही. पैशाचा एक निर्णय त्यांच्या हातात द्या, त्याने जाते. शाळेच्या खर्चासाठी पटाप्रमाणे संयुक्त शाळा अनुदान येतं. आलेली रक्कम आणि मागच्या वर्षीचा खर्च फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा आणि विचारा, यंदा पहिल्यांदा काय करायचं. मुलींच्या शौचालयाच्या दाराला कडी नाही, हे तुम्हाला त्या सभेत एखादी आई सांगेल. दुसऱ्याच आठवड्यात कडी बसली पाहिजे आणि ‘समितीने ठरवलं, कडी बसली, इतका खर्च आला’ असं फाटकाच्या फळ्यावर लागलं पाहिजे. पुढच्या सभेला माणसं येतात ती या फळ्यामुळे. लोकवर्गणीचंही तसंच. दहा रुपये दिले तरी पावती, आणि हिशेब उघडा. हिशेब न दिसलेल्या वर्गणीची चर्चा गावात वर्षानुवर्षं चालते आणि ती पुढच्या शिक्षकाच्या वाट्याला येते.

बायकांना सभेत बोलतं करायचं असेल तर संक्रांतीचा काळ चांगला. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती असते, पाठोपाठ संक्रांत. अनेक शाळा त्या निमित्ताने हळदीकुंकू ठेवतात आणि आया खरंच येतात. माझा आग्रह एवढाच, की शाळेत तिळगुळाचा कार्यक्रम ठेवा, हळदीकुंकू नको. तुमच्या पटावर ज्यांचे वडील गेलेत अशी मुलं असतीलच. त्यांच्या आईला त्या दिवशी दारातूनच परत जावंसं वाटतं, आणि पोर ते पाहतं. ज्या सावित्रीबाईंच्या नावाने आपण तो दिवस करतो, त्यांच्या घराने १८६३ साली विधवांच्या बाळंतपणासाठी आसरा उघडला होता. मग त्यांच्या दिवशी शाळेच्या दारात कोणीही बाई अवघडून उभी राहता कामा नये. प्रत्येकीला तिळगूळ, प्रत्येकीच्या हातात तिच्या मुलाची वही, आणि त्या दिवशी पुरुष शिक्षकांनी चहा करावा. आया मोकळ्या बोलतात. पोरीला सकाळी लवकर पाणी भरावं लागतं म्हणून उशीर होतो, रस्त्यावरच्या वळणाला कुत्री असतात, अमक्या पोराला फळ्यावरचं दिसत नाही, हे सगळं मला अशा कार्यक्रमांतच कळत गेलं.

स्नेहसंमेलनाबद्दल थोडक्यात. प्रत्येक मूल मंचावर यावं, याला पर्याय नाही. भाड्याच्या पोशाखांची सक्ती करू नका; एका नाचाच्या कपड्यांसाठी आईने उसने पैसे घेतलेले असतात आणि ती ते सांगत नाही. शाल-श्रीफळ पाच मिनिटांत आटोपा. थंडीत पोरं रंगवलेल्या तोंडाने ताटकळत बसलेली असतात. ज्यांचे आई-बाप फडावर आहेत त्या पोरांना पहिल्या रांगेत कोण बघणार आहे, ते आधी ठरवा. आजी असेल, शेजारीण असेल, कोणी नसेल तर तुम्ही.

आरोग्याच्या कार्यक्रमांची सूचना वेगळी लिहावी लागते, कारण तिथे अफवा लवकर पसरते. जंतनाशक गोळीचा दिवस घ्या. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये १ ते १९ वयाच्या मुलांना अल्बेंडाझोल देतात. आदल्या दिवशी निरोप जाऊ द्या: उद्या गोळी आहे, चावून खायची असते, पोर आजारी असेल तर सांगा, त्याला नंतर बरं झाल्यावर देऊ, पोटात जंत जास्त असतील तर थोडं मळमळेल, पोट दुखेल, घाबरू नका, आशाताई गावातच आहेत. हे आधी सांगितलं तर एका पोराला उलटी झाल्यावर सगळं गाव शाळेवर धावून येत नाही. आरोग्य पथकाच्या तपासणीचा दिवस कळला की त्या मुलाच्या आईला किंवा आजीला मुद्दाम बोलवा, ज्याच्या कानाची, डोळ्याची, हृदयाची शंका आहे. पथकाने पुढच्या दवाखान्याची चिठ्ठी दिली तर ती आजीच्या हातात देऊन विसरू नका. कधी जायचं, कसं जायचं, कोण सोबत जाणार, एवढं त्याच दिवशी ठरवून घ्या.

खिचडीचंही एक सांगते. पहिली ते पाचवीला रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं असं प्रमाण आहे. आजचा पदार्थ आणि हे प्रमाण फळ्यावर लिहा आणि रोज एका पालकाला चव घ्यायला बोलवा. ज्या घरात वाढदिवस, बारसं, पुण्यतिथी असेल त्यांना तिथीभोजनाबद्दल, म्हणजे त्या निमित्ताने शाळेतल्या मुलांना खाऊ घालण्याबद्दल, सांगा. एखादी केळ्याची फणी, उकडलेला हरभरा, गुळाची लापशी, काहीही चालतं. कोणी दिलं ते फळ्यावर लिहिताना लहान-मोठं करू नका.

वाईट बातमीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहिते. पोर पडलं, भिंतीला तडा गेला, आहारात काही निघालं, शिक्षकाची बदली झाली, तर ती बातमी पालकांना शाळेकडून पहिल्यांदा कळली पाहिजे, आणि त्याच दिवशी. काय झालं, आम्ही काय केलं, पुढे काय करतोय, एवढं सरळ सांगा. लागलेल्या पोराच्या घरी शाळा सुटल्यावर स्वतः जा. मुलाला कोणी त्रास देत असेल तर कुठे सांगायचं, तेही कायम फळ्यावर असू द्या: तक्रारपेटी कुठे आहे आणि चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर.

फोटोंचं बंधन घालून घ्या. वर कार्यक्रमाचा पुरावा म्हणून फोटो द्यावे लागतात, ते समजते. पण त्यासाठी दहा मिनिटं पोरांना एका जागी उभं करणं थांबवता येतं. चालू कामाचाच एक फोटो काढा. गटावर मुलाचं पूर्ण नाव आणि चेहरा एकत्र टाकू नका. आधार नंबर, जातीचे दाखले, बँकेची पासबुकं, आरोग्य तपासणीचा निकाल यांचे फोटो गटावर कधीच नको, मागवायचे असतील तर ज्याचे त्याच्याकडून प्रत्यक्ष घ्या. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीवर भर आहे. जूनमध्ये प्रवेशाच्या वेळीच एका कागदावर पालकांना विचारून ठेवा, की फोटो चालेल का. नाही म्हणाले तर कारण विचारू नका.

गट दोन करा. एक सूचनांचा, ज्यात फक्त तुम्ही आणि तुमचे सहकारी लिहितील, म्हणजे निरोप सुप्रभातच्या फुलांखाली गाडला जाणार नाही. दुसरा बोलण्याचा, तिथे पालकांना काय बोलायचं ते बोलू दे. आणि दोन्ही गटांत तुमच्या नंबरसोबत समितीच्या अध्यक्षांना आणि एखाद्या आईलाही अ‍ॅडमिन करा. आमच्या तालुक्यात बदली झालेल्या शिक्षकांबरोबर गटही जायचे आणि नव्या माणसाला जूनमध्ये एकेक नंबर पुन्हा गोळा करावा लागायचा. सप्टेंबरची ती घरोघरची यादी आणि गावाच्या कामांचा तो कागद शाळेच्या कपाटात, पदभाराच्या यादीत लिहून ठेवा.